झिरो तलाठ्याच्या हातात डोंगल

संपादक साहेब, नमस्कार.

सगळं ऑनलाइन झालं आता लाच बंद, असं सारखं वाचायला मिळतं म्हणून लिहितोय. काही ठिकाणी खरंच बंद झाली, ते आधी सांगतो. सातबारा घ्या. पूर्वी नुसत्या उताऱ्यासाठी चावडीवर तीन-तीन चकरा, तलाठी भाऊसाहेब कधी मीटिंगला कधी पंचनाम्याला, आणि भेटले तरी चहापाण्याचे द्यायचेच. आता डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयात निघतो, परवा पीककर्जासाठी मी रात्री अकरा वाजता मोबाईलवर काढला. पैसे कोण मागणार, मधे माणूसच नाही.

पण जिथे अजून माणसानेच बटण दाबायचंय तिथलं ऐका. वडील गेले, वारस नोंद करायची होती. ई-हक्क या सरकारी पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो म्हणून पोराने मृत्यू दाखला, प्रतिज्ञापत्र सगळं स्कॅन करून टाकलं. बारा दिवसांनी अर्ज परत, त्रुटी काय तर दाखला अस्पष्ट. पुन्हा स्कॅन केला, पुन्हा टाकला, पुन्हा परत, आता म्हणे आत्याचा पत्ता अपूर्ण. अहो तो पहिल्या वेळी पण तेवढाच अपूर्ण होता, तेव्हाच सांगायला काय झालं होतं?

शेवटी तलाठी ऑफिसला गेलो. साहेब नव्हते, त्यांच्या खुर्चीच्या बाजूला झिरो तलाठी बसलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा सरकारी माणूस नसतो, पगार नाही, ऑर्डर नाही, पण सगळं काम तोच करतो. लॅपटॉप त्याच्यापुढे, साहेबांच्या डिजिटल सहीचं डोंगल त्यात खोचलेलं, पासवर्ड तोंडपाठ. म्हणाला, काका कशाला त्रास घेता, दोन हजारात होऊन जाईल. रोख नको म्हणाला, समोरच्या टपरीचा क्यूआर दाखवला. मी दिले. पेरणी तोंडावर होती आणि माझ्यात भांडायचं बळ नव्हतं, खोटं कशाला बोलू. लाचलुचपतवाल्यांनी सापळा लावला की बातमीत "खासगी इसम" पकडला असं येतं ना, तो बऱ्याचदा हाच.

आता यातली खरी गंमत. ठरलेल्या मुदतीत काम करून द्यायला लावणारा सेवा हक्क कायदा 2015 पासून आहे, विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. पण माझा अर्ज दोनदा परत आला आणि दरवेळी नवीन अर्ज, नवीन नंबर, नवीन तारीख. म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने माझं काम कुणी अडवलंच नाही! पूर्वी फाईल टेबलावर पडून आहे हे निदान डोळ्याला दिसायचं, आता "त्रुटी" हे एकच बटण दाबलं की अडवणूक पण नियमात बसते.

शेजारच्या कर्नाटकात भूमी या जमिनीच्या नोंदींच्या प्रकल्पात वीसेक वर्षांपूर्वीच फेरफारासाठी आधी आलेला अर्ज आधी निकाली असा क्रम सॉफ्टवेअरमधेच टाकला होता आणि अधिकाऱ्याला बोटाचा ठसा देऊन लॉगिन करायला लावलं होतं. आपल्याकडे डोंगल कुणाच्या पण खिशात. माझं म्हणणं एवढंच, त्रुटी असतील तर सगळ्या एकदमच कळवा, अर्जाचा नंबर आणि पहिली तारीख बदलू नका, कुणी किती वेळा परत पाठवला ते अर्जदाराला दिसू द्या, आणि सही साहेबांच्याच ठशाने होऊ द्या. नोटिशीचे 15 दिवस कायद्याने लागतात ते लागू देत, त्याबद्दल तक्रार नाही.

आमची नोंद झाली, मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित पण केली. तिसऱ्या अर्जात आत्याचा पत्ता दुरुस्त करायचा आम्ही गडबडीत विसरलो होतो, तो अजून तसाच आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक
(नाव-गाव छापू नये ही विनंती)