भूमिगत वायूकरण : दाबाचे आकडे जाहीर करा

महोदय,

कोळशाच्या भूमिगत वायूकरणाचा, म्हणजे कोळसा जमिनीखालीच अर्धवट जाळून त्याचा इंधनवायू करून विहिरीतून वर घेण्याचा, पथदर्शी प्रकल्प झारखंडमधील कास्ता येथे जून 2024 मध्ये सुरू झाला. बातम्यांत हायड्रोजन आणि मिथेनची चर्चा होते, पण वायू थरातून वाहतो कसा, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

कोळशात बारीक भेगांची दोन जाळी जवळपास काटकोनात असतात. मुख्य भेगा लांबवर सलग जातात, दुय्यम भेगा त्यांना भिडून थांबतात. म्हणून हवा आत सोडणारी आणि वायू वर आणणारी अशी विहिरींची जोडी आखताना ही दिशा पाहावीच लागते. वर काढलेल्या नमुन्याच्या तुकड्यात मोठ्या भेगा सापडत नाहीत. पारगम्यता, म्हणजे थरातून वायू-पाणी किती सहज वाहते, हे कळण्यासाठी विहिरीतच पाण्याची चाचणी घ्यायला हवी.

नुसत्या भेगा पुरतही नाहीत. एका विहिरीतून हवा सोडून दुसरीच्या तळाशी कोळसा पेटवतात. जाळ हवेच्या उगमाकडे सरकत वाट करतो. लिग्नाइट हा कमी प्रतीचा कोळसा सुकताना आकसतो, त्यामुळे वाट रुंदावते. बिट्युमिनस या अधिक पक्व कोळशाच्या बऱ्याच जाती मात्र 400 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊन फुगतात आणि डांबर थंड भागात साचून वाट बुजते. अशा ठिकाणी थरातून आडवे विंधन घेणेच शहाणपणाचे.

खरी जोखीम दाबाची. थरावर 280 मीटर पाणी उभे असेल, तर त्याचा दाब सुमारे 27.5 बार भरतो. कोळसा जळून झालेल्या पोकळीतला दाब याहून थोडा कमी ठेवला की पाणी आत पाझरते आणि बेंझिन, फेनॉल ही विषारी द्रव्ये बाहेर जात नाहीत. फारच कमी ठेवला तर पाणी लोटते, तापमान उतरते, वायूचा कस जातो. जास्त झाला तर वायू छताच्या भेगांतून निसटतो. शिवाय पाणी आत ओढले गेल्याने भोवतालची पातळी घसरते, म्हणजे पोकळीतल्या दाबाची ही वरची मर्यादाही खाली येत राहते. सुरुवातीचाच आकडा धरून चालवणे घातक आहे.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील चिंचिला येथील अशाच प्रकल्पात दाब वाढवल्याने वायू निसटला. त्या राज्याने 2016 मध्ये या तंत्रावर बंदी आणली. 2018 मध्ये तो प्रकल्प चालवणाऱ्या लिंक एनर्जी कंपनीला 45 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला.

हवा वापरत असल्यास गळतीचा हिशेब सोपा आहे : आत गेलेला आणि बाहेर आलेला नायट्रोजन ताडून पाहावा. सतत तूट दिसली तर वायू थराबाहेर जातो आहे. हा ताळेबंद, पोकळीतला दाब आणि निरीक्षण विहिरींची पातळी कोळसा मंत्रालयाने दर आठवड्याला जाहीर करावी.

– एक खाण अभियंता, नागपूर