मासळीच्या हातगाडीचे टायर गाळ पाहून निवडा

संपादक महोदय,

दिवाळे, सारसोळे, करावे, वाशी किंवा ठाण्यातील चेंदणी अशा खाडीकाठच्या कोळीवाड्यांत मासळीच्या हातगाडीला एकाच फेरीत बरेचदा ओहोटीचा गाळ, धक्क्याचा शेवाळलेला उतार आणि पेव्हर ब्लॉकचा रस्ता असे तिन्ही पार करावे लागते. गाडी घेताना चाक मात्र दुकानाच्या फरशीवर फिरवून पाहिले जाते. फरशीवर कोणतेही चाक छानच चालते. गाडी रुतते ती गाळात, म्हणून टायर गाळाच्या हिशेबाने घ्यावा.

हिशेब साधा आहे. 40 किलो मासळी, तेवढाच बर्फ आणि 30 किलोची गाडी धरली, तर दोन चाकांवर 110 किलो, म्हणजे एकेका चाकावर 55 किलो वजन येते. टायरमध्ये 30 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा असेल, तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने 26 चौरस सेंटीमीटर असतो. हवा 15 पीएसआय केली की तो 52 होतो, आणि तीच गाडी तितकी रुतत नाही. सॉलिड रबराचे अरुंद चाक असे पसरत नाही. ते गाळ कापत खाली जाते आणि पेव्हर ब्लॉकवर प्रत्येक सांध्याचा दणका बर्फाला आणि मासळीला देते. पंक्चर न होणारी पीयू (पॉलियुरेथेन) फोमची चाके बाजाराच्या ओट्यांमधून फिरायला चांगली आहेत. धक्क्यावर मात्र कालवांच्या धारदार शिंपल्या त्यांचे तुकडे काढतात, आणि फोमला ट्यूबसारखा पॅच लावता येत नाही.

गाळातून जाणाऱ्या गाडीला 4.00-8 मापाचा, ट्यूब असलेला हवेचा टायर योग्य. हेच माप रिक्षाला लागते, त्यामुळे टायर-ट्यूब ठाणे-बेलापूर पट्ट्यात सहज मिळते. फरक एवढाच की रिक्षाच्या टायरच्या भिंती ताठ असतात आणि कमी हवेत तो तितका पसरत नाही. गाळ जास्त असेल तर हातगाडीसाठीचा मऊ, 2 प्लायचा (प्लाय म्हणजे टायरच्या मजबुतीचे थर) टायर घ्यावा, रस्ता जास्त असेल तर 4 प्लायचा. खोल गोट्यांच्या, म्हणजे उठावदार रबरी गाठींच्या नक्षीचा मोह नको. हातगाडीचे चाक ढकलले जाते, ते स्वतः जोर लावत नाही, त्यामुळे गोट्यांचा उपयोग जवळजवळ नसतो. उलट खाचांत गाळ भरून चाक जड होते. उतारावर गाडी आडवी घसरू नये यासाठी सरळ उभ्या रेघांची नक्षी पुरते.

हवा कमी ठेवायची म्हणून 12 पीएसआयच्या खाली जाऊ नये. टायर रिमवर फिरू लागतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळापासून तुटतो. टायर आणि रिम दोन्हींवर मिळून ऑइलपेंटची एक आडवी रेघ मारावी. ती तुटलेली दिसली की टायर सरकला असे समजावे. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोके पडली असतील, तर कमी हवेत पेव्हरच्या कडेवर चाक आदळून ट्यूब रिमखाली चेपली गेली आहे. रस्त्याचे अंतर मोठे असेल तेव्हा हवा 25 पर्यंत न्यावी, पण टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आतच. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने इतका छोटा टायर काही सेकंदांत फुगतो, आणि प्लॅस्टिकची रिम असेल तर ती फुटून हाताला गंभीर इजा होऊ शकते. पायाने मारायचा पंप आणि 60 पीएसआयपर्यंतचे दाब मोजायचे छोटे गेज यासाठी सुरक्षित.

टायरइतकीच काळजी बेअरिंगची. खाऱ्या पाण्यात टायरच्या आधी बेअरिंग जाते. 20 मिमी एक्सलला (चाकाच्या दांड्याला) 6204 क्रमांकाचे बेअरिंग बसते. त्यापुढे 2आरएस असे लिहिलेले, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलेच मागावे. झेडझेड लिहिलेल्या बेअरिंगला पत्र्याचे झाकण असते, त्याच्या फटीतून खारे पाणी आत जाते. काम संपल्यावर चाके गोड्या पाण्याने धुवावीत, पण प्रेशरचा झोत थेट सीलवर मारू नये. एक्सलला ग्रीस लावले नाही, तर चाक गंजून त्यावरच जाम होते आणि पुढे टायर बदलायलाही निघत नाही. रिम गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली असावी. गंजलेल्या रिमचे पापुद्रे ट्यूबला आतून भोके पाडतात, आणि पंक्चर काढूनही ते पुन्हा पुन्हा का होते हे कळत नाही. बर्फाचे खारट पाणी चाकावर गळू नये म्हणून खोक्याच्या तळाला नळी लावून ती मागे सोडावी.

मच्छीमार संस्था आणि ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना विनंती आहे की हातगाड्यांच्या खरेदीत 'रबरी चाक' एवढ्यावर भागवू नये. टायरचे माप, प्लाय, ट्यूब, रिमचा प्रकार, एक्सलची जाडी आणि बेअरिंगचा पूर्ण क्रमांक मागणीपत्रातच लिहावा, आणि प्रत्येक गाडीमागे एक जादा ट्यूब व प्रत्येक धक्क्यावर एक पंप आणि गेज द्यावे.

— हातगाडी दुरुस्ती कारागीर, बेलापूर, नवी मुंबई