दातांच्या दवाखान्याची तपासणी: फाईल बाजूला ठेवा, हँडपीसचा माग घ्या

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

दातांच्या दवाखान्यात निरीक्षक येतो तेव्हा बहुधा परवाना, नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार आणि भिंतीवरचे फलक पाहून निघून जातो. हे कागद हवेतच. पण रुग्णाला धोका असतो तो सिंकपाशी, ऑटोक्लेव्हपाशी (दाबाखालच्या वाफेने साधने निर्जंतुक करणारे यंत्र) आणि खुर्चीच्या पोटातल्या पाण्याच्या नळ्यांत. म्हणून आमची मागणी एकच आहे: निरीक्षकाने एक हँडपीस, म्हणजे दात कोरायचे ड्रिल धरणारे हातातले यंत्र, निवडावा आणि तो एका रुग्णाच्या तोंडातून निघून दुसऱ्याच्या तोंडात जाईपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नये.

हँडपीसच का? त्याचे टर्बाइन मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. ते थांबताना आत क्षणभर उलटे शोषण होते आणि लाळ, रक्त त्याच्या डोक्यात शिरते. स्पिरिटच्या बोळ्याने बाहेरून पुसले तरी आतली घाण तिथेच राहते. म्हणून प्रत्येक रुग्णानंतर तो धुऊन, तेल घालून, पाऊचमध्ये सील करून ऑटोक्लेव्हमध्ये जायला हवा. पोकळ नळ्यांतली हवा निघाली नाही तर वाफ आत पोचत नाही, त्यामुळे यंत्र आधी व्हॅक्यूमने हवा ओढून घेणारे असावे. 134 अंश सेल्सियसला किमान 3 मिनिटे ही प्रत्यक्ष निर्जंतुकीकरणाची वेळ झाली. तापणे, वाळणे धरून फेरी पाऊण तासाच्या आसपास जाते.

इथे साधा हिशेब मांडून पाहावा. धुणे, पॅकिंग, फेरी आणि थंड होणे मिळून सव्वा तास धरला, तर 8 तासांच्या दिवसात एक हँडपीस फार तर सहा वेळा तयार होईल. दोन हँडपीस असले तर बारा. अपॉइंटमेंटच्या वहीत त्या दिवशी सोळा रुग्णांचे ड्रिलिंग दिसत असेल, तर उरलेल्या चौघांच्या तोंडात काय गेले? हा प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. ऑटोक्लेव्हवरचा फेऱ्यांचा आकडा आणि पाऊचच्या खरेदीची बिले शेजारी ठेवली की उत्तर समोर येते.

मग धुण्याकडे वळावे. रक्त सुकलेले साधन कितीही वेळ वाफेत ठेवले तरी भरवसा नाही, कारण वाफ त्या थराखाली पोचत नाही. हाताने धुताना पाणी 45 अंशांच्या खाली हवे. जास्त गरम पाण्यात प्रथिने गोठून साधनाला चिकटतात. धुतलेला स्केलर (दातांवरचा थर खरवडायचे साधन) दिव्याच्या भिंगाखाली धरला की दोन मिनिटांत खरे कळते. पाऊच एकावर एक दाबून भरले किंवा ओले बाहेर काढले, तर ओल्या कागदातून जंतू पुन्हा आत जातात. चिमटे, फोर्सेप्स मिटलेल्या अवस्थेत पाऊचमध्ये असतील तर सांध्याच्या आत वाफ गेलेली नसते.

पाऊचवरची पट्टी काळी झाली म्हणजे साधन निर्जंतुक झाले, हा गैरसमज दवाखान्यांत सर्रास आढळतो. पट्टी एवढेच सांगते की पाऊच उष्णतेतून गेला. जंतू मेले की नाही हे जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला दाद न देणाऱ्या जंतूच्या बीजाणूंची (त्याच्या चिवट, सुप्त रूपाची) चाचणी सांगते, आणि ती दर आठवड्याला व्हायला हवी. तिच्यातही एक मेख आहे. त्याच बॅचची एक कुपी ऑटोक्लेव्हमध्ये न घालता सोबत उबवावी लागते आणि तिच्यात वाढ दिसावीच लागते. ती वाढली नाही तर बीजाणू आधीच मेलेले होते आणि सगळे ‘पास’ निकाल निरर्थक ठरतात. या दुसऱ्या कुपीची नोंद निरीक्षकाने आवर्जून मागावी.

पाण्याची तपासणी तर बहुतेक ठिकाणी होतच नाही. खुर्चीतल्या नळ्या अरुंद असतात, पाणी रात्रभर साचून राहते आणि आतल्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर धरतो. अमेरिकेत 2015 मध्ये जॉर्जियात आणि 2016 मध्ये कॅलिफोर्नियात दुधाच्या दातांच्या नसेवर उपचार झालेल्या मुलांना अशाच पाण्यातून मायकोबॅक्टेरिया या जंतूंचा संसर्ग झाला. काहींच्या जबड्याच्या हाडापर्यंत तो गेला. सकाळी 2 मिनिटे आणि प्रत्येक रुग्णानंतर 20 ते 30 सेकंद पाणी सोडणे आवश्यक आहे, पण त्याने थर निघत नाही. त्यासाठी नियमित रासायनिक प्रक्रिया लागते. साध्या उपचाराच्या पाण्यात मिलिलिटरला 500 पेक्षा जास्त जंतू नसावेत, ही अमेरिकेतली मर्यादा मोजायला सोपी आहे. शस्त्रक्रियेला मात्र खुर्चीचे पाणी मुळीच चालत नाही, निर्जंतुक सलाईनच हवे, आणि तेही एका रुग्णापुरते. तामिळनाडूतल्या दातांच्या एका दवाखान्याशी जोडलेल्या मेलिऑइडोसिस या माती-पाण्यातल्या जंतूमुळे होणाऱ्या रोगाच्या प्रादुर्भावात आठ जण दगावले. तपासात संशय गेला तो वापरात असलेल्या सलाईनच्या बाटलीवर. निर्जंतुक न केलेल्या अवजाराने ती उघडली जात होती. कपाटात अर्धवट वापरलेली बाटली दिसली, तर निरीक्षकाने तिच्यापाशी थांबलेच पाहिजे. भुलीच्या औषधाच्या 30 मिलिलिटरच्या व्हायललाही हेच लागू आहे: वापरलेली सुई किंवा सिरिंज तिच्यात पुन्हा गेली की पुढच्या सगळ्या रुग्णांना धोका.

आपत्कालीन पेटी ‘आहे’ एवढ्यावर टिकमार्क करू नये. ऑक्सिजनचा सिलिंडर समोर उघडायला सांगावा. चावी सापडत नाही, असे अनेकदा होते. 340 लिटरचा सिलिंडर मिनिटाला 15 लिटरने जेमतेम 22 मिनिटे पुरतो, तेव्हा अर्धा रिकामा सिलिंडर असून नसल्यासारखा. ॲड्रिनॅलिनचा, म्हणजे तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणाऱ्या इंजेक्शनचा, मोठ्या माणसाचा डोस (0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत) मदतनिसाला सांगता येतो का, हेही विचारावे.

उपचाराचा दर्जा जोखायला निरीक्षकाने स्वतः निवडलेली दहा केसपेपरे पुरेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची विचारणा, लहान मुलाचे वजन आणि त्यानुसार भुलीचा डोस, एक्स-रे का काढला त्याचे कारण, संमती, रूट कॅनालनंतरचा एक्स-रे, एवढे पाहावे. दात सरळ करण्यासाठी काढलेल्या दाढांच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. तिथे निरोगी दात काढायचा असतो, कीड दिसत नाही, म्हणून चुकीचा दात निघण्याचा धोका तिथेच जास्त. काढण्याआधी दाताचा क्रमांक दोघांनी मोठ्याने उच्चारून पडताळला का, हे पाहावे.

महोदय, यासाठी आम्ही पुढील गोष्टी मागतो. तपासणी पूर्वसूचनेशिवाय आणि रुग्ण सुरू असताना व्हावी. निरीक्षकांपैकी एकाने तरी स्वतः साधने धुतलेली, ऑटोक्लेव्ह चालवलेला असावा. मदतनिसांशी डॉक्टरांच्या अनुपस्थितीत बोलावे. बीजाणू चाचणी नापास होऊनही यंत्र वापरात असेल, तर काम तिथल्या तिथे थांबवावे. लेबल नसणे, नोंद उशिरा होणे यांसाठी मुदत द्यावी. अहवाल रुग्णांना वाचता येईल असा जाहीर करावा. आणि नापास चाचणी प्रामाणिकपणे नोंदवून यंत्र दुरुस्त करणाऱ्या दवाखान्याला त्या नोंदीपायी दंड करू नये. तसे झाले तर पुढच्या वर्षी प्रत्येक वहीत फक्त ‘पास’ लिहिलेले सापडेल.

आपले,
दंतोपचार आणि निर्जंतुकीकरणाच्या कामात असलेले आम्ही काहीजण