आमचं वार्तापत्र वाचकांपर्यंत न विस्कटता पोहोचवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

वार्तापत्राचा ताजा अंक सगळीकडे नीट उघडतोय. मथळा फोटोवर चढत नाही, स्तंभ एकमेकांत घुसत नाहीत. फोनवर तुमचे आभार मानले होते, पण तेवढ्याने समाधान झालं नाही. शिवाय अशाच अडचणीत अडकलेल्या कुणाला तरी उपयोग होईल, म्हणून हे जाहीर पत्र.

वर्डमध्ये सजवलेलं पान मेलमध्ये चिकटवलं की ते का विस्कटतं, हे इतकं उलगडून आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मेलमधून पान जात नाही, पान कसं मांडायचं याच्या सूचना जातात, आणि त्या प्रत्येक प्रोग्राम आपापल्या परीने पाळतो. विंडोजवरचं जुन्या धाटणीचं आउटलुक २००७ पासून मेल दाखवायला वर्डचंच इंजिन वापरतं, त्यामुळे ब्राउझरमध्ये देखणी दिसणारी आधुनिक मांडणी तिथे कोलमडते. हे समजल्यावर मांडणी टेबलांत, म्हणजे आडव्या-उभ्या खणांच्या तक्त्यांत, करण्याचा तुमचा आग्रह पटला. वेबसाइट बनवणाऱ्यांनी मांडणीसाठी टेबलं केव्हाच सोडली, मेलमध्ये मात्र तीच तग धरतात. रुंदी ६०० पिक्सेलच्या आसपास, आणि स्टाइल, म्हणजे अक्षरांचा आकार, रंग वगैरेच्या सूचना, वर एकत्र न लिहिता ज्या त्या खणातच, कारण वरचा भाग काही ठिकाणी सरळ गाळला जातो.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते तुम्ही देवनागरीसाठी घेतलेले कष्ट. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मजकूर कापून टाकतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मराठी अंक ती मर्यादा लवकर गाठतो, हे तुमच्यामुळे कळलं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘मराठी’ एवढ्या शब्दालाच १५ बाइट! वर्डमधून आलेला अदृश्य कचरा तुम्ही ओळीओळीने काढलात, म्हणून अंकाचं शेवटचं पानही वाचकाला दिसतं. ओळींमधलं अंतर वाढवून रफार आणि मात्रा कापल्या जाणं थांबवलंत. मेलबरोबर पाठवलेला फॉन्ट बहुतेक प्रोग्राम वापरतच नाहीत, म्हणून वाचकांच्या यंत्रांवर आधीच असतात असे फॉन्ट निवडलेत. जुन्या फॉन्टमधले लेख युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात बदलून त्यातली जोडाक्षरं पुन्हा तपासलीत. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही. म्हणूनच त्याबद्दल मुद्दाम लिहिते आहे.

“अख्ख्या अंकाचं एक चित्र करा आणि पाठवा, मग काही हलणार नाही,” असं आमच्यातल्या काहींचं मत होतं. तुम्ही ठाम नाही म्हणालात, आणि त्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. अनेक ठिकाणी चित्रं आपोआप उघडत नाहीत, मग वाचकापुढे नुसती रिकामी चौकट येते. आमच्या काही वाचकांना दिसत नाही. ते स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, अंक ऐकतात. चित्रातली अक्षरं त्यांच्या कानापर्यंत पोहोचली नसती. तुम्ही प्रत्येक फोटोला वर्णन जोडलंत, टेबलं फक्त मांडणीपुरती आहेत हे स्क्रीन रीडरला कळेल अशी खूण घातलीत, आणि त्याच मेलमध्ये साध्या मजकुराची प्रतही ठेवलीत. अंक शाबूत पोहोचला हे कशावरून ठरवायचं, याचं माझं मापच त्या दिवशी बदललं. अंक ऐकणाऱ्या त्या वाचकांपैकी एका बाईंनी संपादकीयावर सविस्तर उत्तर पाठवलंय, तुम्हालाही पुढे पाठवते.

पुढच्या अंकात कविता दोन स्तंभांत घ्यायच्या आहेत. मोबाइलवर त्या एकाखाली एक याव्यात आणि ओळी मधेच तुटू नयेत, एवढी इच्छा आहे. तुमच्याच साच्यावरून कच्चा अंक केला आहे. सवड मिळेल तेव्हा एकदा नजरेखालून घालाल ना?

आपली स्नेहांकित,
वार्तापत्राची संपादक