ती विमाने जमिनीवरून उडाली होती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातील सागरी लढायांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख मी आवडीने वाचला; मात्र त्यातील एका विधानाची दुरुस्ती व्हावी, असे मनापासून वाटते. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या (आजच्या मलेशियाच्या) किनाऱ्याजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ ही ब्रिटिश जहाजे बुडाली, तेव्हा विमानवाहू जहाजाने बॅटलशिपवर, म्हणजे जड तोफांच्या चिलखती युद्धनौकेवर, मात केली, असे लेखात म्हटले आहे. वस्तुतः ती जपानी विमाने इंडोचायनात, आजच्या व्हिएतनाममधील सायगावच्या आसपास असलेल्या धावपट्ट्यांवरून आली होती आणि त्या हल्ल्यात एकाही विमानवाहू जहाजाचा सहभाग नव्हता. ॲडमिरल टॉम फिलिप्स यांच्या ताफ्यावर लढाऊ विमानांचे छत्र नव्हते, सिंगापूरहून निघालेली मदत वेळेवर पोहोचली नाही आणि सुमारे ८४० जण प्राणांस मुकले.

हा भेद किरकोळ नाही. भर समुद्रात वेगाने जाणारी, तोफा डागून प्रतिकार करणारी बॅटलशिपही केवळ विमानांच्या बळावर बुडवता येते, एवढेच त्या दिवशी सिद्ध झाले. विमानवाहू जहाजाचे सामर्थ्य याहून निराळे आहे: जिथे आपली धावपट्टी नाही, तिथे ते धावपट्टीच घेऊन जाते. त्याचा पुरावा वर्षभर आधी, नोव्हेंबर १९४० मध्ये, इटलीच्या टारांटो बंदरात मिळाला होता. ‘इलस्ट्रियस’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून रात्री उडालेल्या २१ स्वोर्डफिश विमानांनी, म्हणजे कापडाने मढवलेल्या संथ दुपंखी विमानांनी, तीन बॅटलशिप निकामी केल्या आणि त्यात ब्रिटिशांची दोनच विमाने नष्ट झाली. पुढे ७ एप्रिल १९४५ रोजी ‘यामातो’ ही जपानी बॅटलशिप बुडाली, तेव्हा तिच्या ४६ सेंटिमीटर व्यासाच्या तोफा सुमारे ४२ किलोमीटरपर्यंत मारा करू शकत होत्या. पण ज्या अमेरिकी जहाजांवरून विमाने येत होती, ती तिच्या तोफांच्या टप्प्यात आलीच नाहीत.

तरीही बॅटलशिप एका दिवसात कालबाह्य झाली, हे लेखकाचे मत मला पटत नाही. त्या काळी अंधार आणि खराब हवामान यांत विमाने बहुधा हतबल ठरत. २६ डिसेंबर १९४३ रोजी उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या काळोखात ‘शार्नहोर्स्ट’ या जर्मन बॅटलशिपला रडारच्या साहाय्याने गाठून जायबंदी केले, ते ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ या ब्रिटिश बॅटलशिपच्या तोफांनीच, मग विनाशिकांच्या पाणतीरांनी (टॉर्पेडोंनी) काम पुरे केले. त्याच ‘शार्नहोर्स्ट’ने ८ जून १९४० रोजी ‘ग्नायझेनाऊ’ या दुसऱ्या जर्मन बॅटलशिपसह नॉर्वेजवळ ‘ग्लोरियस’ हे ब्रिटिश विमानवाहू जहाज तोफांच्या माऱ्याने बुडवले होते. त्या दुपारी ‘ग्लोरियस’चे एकही विमान टेहळणीसाठी आकाशात नव्हते, तिच्यासह दोन विनाशिका बुडून दीड हजारांहून अधिक माणसे गेली, आणि या दुर्लक्षाचे मला आजही वाईट वाटते.

आपल्या शेजारच्या समुद्रातले ‘हर्मिस’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजाचे उदाहरण तर लेखात यायलाच हवे होते. ९ एप्रिल १९४२ रोजी सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) पूर्वेला, बट्टिकलोआजवळ, जपानी विमानवाहू जहाजांवरून आलेल्या विमानांनी तिला गाठले, तेव्हा तिच्यावर स्वतःचे एकही विमान नव्हते. विमाने किनाऱ्यावर आणि जहाज उघड्या समुद्रात, अशा स्थितीत ते जहाज केवळ एक मोठे, सोपे लक्ष्य उरले होते.

पुरवणीच्या पुढील अंकात मलायाविषयीची दुरुस्ती छापावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, रत्नागिरी