उत्क्रांतीला दशावताराच्या दाखल्याची गरज नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मत्स्य, कूर्म, वराह या क्रमात डार्विनचा सिद्धांत आधीच सांगितलेला आहे, असे आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत व्याख्यानांतून आणि गप्पांतून हौसेने सांगितले जाते. सृष्टी ईश्वराने जशीच्या तशी घडवली, या श्रद्धेपेक्षा हा युक्तिवाद सौम्य वाटतो, परंतु तो तितकाच अडचणीचा आहे. उत्क्रांती ही एकामागून एक पायऱ्यांची शिडी नसून फुटत जाणाऱ्या शाखा आहेत. शिवाय वामनापासून पुढचे सारे अवतार मनुष्यरूपच आहेत, त्यांचे काय करायचे?

सिद्धांताचे खरे बळ आधी भाकीत करून मग तपासण्यात आहे. मासे आणि चतुष्पाद यांमधला दुवा साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळावा, या अंदाजाने शास्त्रज्ञांनी कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात शोध घेतला आणि 2004 मध्ये त्यांना तसाच दुवा ठरणाऱ्या टिकटालिक या प्राण्याचा जीवाश्म सापडला. पुराणातून असे भाकीत कोणी केल्याचे ऐकिवात नाही, आणि पुराणाचे ते कामही नव्हे.

शेजारच्या धार जिल्ह्यातील पाडल्या गावात ‘काकड भैरव’ म्हणून पूजले जाणारे दगडी गोळे डायनोसॉरची अंडी असल्याचे तज्ज्ञांनी सांगितल्याची बातमी 2023 च्या अखेरीस आली होती. शेताची राखण करणाऱ्या देवावर तेथील लोकांची श्रद्धा असण्यात काहीच गैर नाही. मात्र त्याच वर्षी दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला जावा, हे खेदजनक आहे. तो भाग परत यावा, आणि तोवर शाळांनी मुलांना मांडवचे डायनोसॉर उद्यान तरी दाखवावे.

आपला,
एक नियमित वाचक, इंदूर