ऑपरेशनला वर्गणी निघते, फिजिओला कोण देणार?

मा. संपादक,
स. न.

जत्रांचे कबड्डी सामने सुरू झाले की आमच्या पलूस-तासगाव भागात एखाद्या तरी पोराचा गुडघा जातोच. चढाईला गेलेला पोरगा बोनस गुण घेऊन मधल्या रेषेकडं वळतो, पाय मॅटला चिकटलेला आणि वरनं कव्हरवाला (पकड करणारा बचावपटू) येऊन पडतो, झालं, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतली मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारी लिगामेंट, फाटली. मग मंडळ पैसे काढतं, व्हॉट्सॲपवर वर्गणीचं आवाहन फिरतं आणि मिरजेला नेऊन दुर्बिणीतनं ऑपरेशन होतं. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा नाही. पण त्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर जे व्हायला पाहिजे त्याचं काय, हे कोण विचारतच नाही, म्हणून हे पत्र.

आधीचं सांगतो. गुडघा टम्म सुजलाय, पाय सरळ होत नाही, आणि घरचे म्हणतात उद्याच उरकून टाका. गुडघ्यातली गादी (दोन हाडांमधली कूर्चेची चकती) अडकून गुडघा लॉक झाला असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर सांगतीलच, पण नुसती एसीएल असेल तर सहसा एवढी घाई नसते. सूज उतरू द्यायची, पाय पूर्ण सरळ करून घ्यायचा, मांडीचा पुढचा स्नायू जागा करायचा आणि मग टेबलावर जायचं, नाहीतर आधीच आखडलेला गुडघा नंतर जास्तच आखडतो. पोराला कॉटवर झोपवून दोन्ही गुडघ्यांखाली हात घालून बघा. चांगल्या पायाखाली हात दाबला जातो, दुखऱ्या पायाखालनं आरपार निघतो. तिथंच कळतं काम बाकी आहे. (आणि त्या सुजलेल्या गुडघ्यावर गरम तेलाची रगडून मालिश करणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका करू.)

ऑपरेशननंतर आई मायेनं गुडघ्याखाली उशी देते. पोराला बरं वाटतं पण गुडघा वाकडाच राहायला लागतो. उशी नाहीतर टॉवेलची गुंडाळी टाचेखाली पाहिजे, गुडघा खाली अधांतरी, आणि मांडी घट्ट आवळून सोडायची. दिसायला अगदी साधं, पण रोज करून घेणारं माणूस लागतं, आणि तेच आमच्याकडं नाही. फाईलमध्ये व्यायामाचा छापील कागद मिळतो, तो फाईलमध्येच राहतो.

खरा धोका तीन महिन्यांनी. दुखायचं थांबलेलं असतं, पोरगा गाडीवर फिरतो, मंडळाला रेडर (चढाई करणारा) पाहिजे असतो. पण मांडीच्या मागच्या स्नायूची दोरीसारखी शीर (कंडरा) काढून जी नवी लिगामेंट बसवली ती अजून कच्ची असते, शरीर तिच्यात रक्तपुरवठा तयार करत असतं, आणि त्याच वेळी हे साहेब मॅटवर. 2016 साली ओस्लोच्या खेळाडूंवरचा एक अभ्यास आला, त्यात 9 महिन्यांपर्यंत खेळ एकेक महिना पुढं ढकलला तसं पुन्हा गुडघा दुखावायचं प्रमाण दर महिन्याला जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे 9 महिन्यांच्या आत नाहीच, आणि त्यानंतरसुद्धा दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के भरली पाहिजे. टेप लावून मांडी मोजा, एका पायावर लंगडीसारख्या तीन उड्या मारून अंतर बघा, दोन्ही पायांत फरक किती ते डोळ्याला दिसतं.

कुस्तीगीर विनेश फोगटचं उदाहरण सगळे देतात, ऑगस्ट 2023 ला गुडघ्याचं ऑपरेशन आणि ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलपर्यंत. अहो पण तिच्याबरोबर फिजिओ होता. आमच्या पोराला सांगलीला जाऊन यायचं म्हटलं तर एसटीचं भाडं, फिजिओची फी आणि बापाचा बुडालेला रोज, दोन आठवड्यांत बंदच पडतं.

एक करता येईल. तालुका क्रीडा संकुलात आठवड्यातनं दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा, कबड्डी, खो-खो, कुस्ती सगळ्यांचीच पोरं येतील. मंडळांनी पण ट्रॉफीची उंची जरा कमी करून जखमी खेळाडूच्या फिजिओसाठी वर्षाची रक्कम बाजूला काढावी, आणि डॉक्टर-फिजिओनं लिहून दिल्याशिवाय त्याचं नाव संघात घालूच नये. क्रीडा खात्याकडं अशा फिजिओसाठी काही तरतूद आहे का, तेवढं तरी सामन्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत जाहीर करावं.

आपला,
एक कबड्डी प्रशिक्षक, ता. पलूस, जि. सांगली